बार्बाडोसला वर्षभर, पण कोणत्या कागदावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याचे एक वाचक, वय ४१. अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या शाखेत नोकरी, पॅकेज ४६ लाख, पगार इथल्याच खात्यात जमा होतो. टीम न्यू जर्सीत असल्याने गेली सहा वर्षं काम संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. पत्नी घरीच चित्रकलेचे वर्ग घेते, मुलगी तिसरीत आहे, ७१ वर्षांची आई सोबत राहते. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर कुटुंबासह वर्षभर राहून तिथून काम करायचं त्यांच्या मनात आहे. त्यासाठी तिथल्या सरकारचा 'वेलकम स्टॅम्प' नावाचा परवाना आहे, कुटुंबासाठी शुल्क ३,००० अमेरिकी डॉलर. पण ओळखीचा ट्रॅव्हल एजंट म्हणतो, 'भारतीयांना तिथे ९० दिवस व्हिसाच लागत नाही. असेच जा, मुदत वाढवत राहा, नाहीतर त्रिनिदादला एक चक्कर मारून परत शिरा.' वाचक विचारतात: हे तीन हजार डॉलर वाचवावेत का? आई बहिणीकडे राहील आणि पत्नी 'तयार होईल', असंही त्यांनी लिहिलं आहे. ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: 'बायको विचारतेय, आपला मिक्सर तिथे चालेल का?'

नमस्कार,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, ते तीन हजार डॉलर वाचवू नका. जायचं ठरलंच तर वेलकम स्टॅम्प काढूनच जा.

एजंटने सांगितलेलं अर्धं खरं आहे. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसमध्ये ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. यातला 'पर्यंत' हा शब्द एजंट गिळतात. विमानतळावरचा अधिकारी परतीचं तिकीट बघतो, कुठे राहणार ते विचारतो, खर्चाला पैसे आहेत का पाहतो आणि मग त्याच्या मते योग्य तितके दिवस देतो. पासपोर्टवर शिक्का बसला की तिथेच उभं राहून आकडा वाचा. ९० गृहीत धरून बसलेल्यांच्या हातात कधी कधी त्याहून बरेच कमी दिवस पडतात. मुदतवाढ मागता येते, पण ती मुदत संपण्याआधी मागायची असते आणि द्यायची की नाही हे इमिग्रेशन खातं ठरवतं. त्रिनिदादला जाऊन परत आलात तर तोच अधिकारी, तेच प्रश्न, आणि या वेळी पासपोर्टवर आधीचा शिक्काही त्याला दिसणार. सोबत आठ वर्षांची मुलगी. दर तीन महिन्यांनी विमानतळाच्या रांगेत पोटात गोळा घेऊन उभं राहायचं, यात समुद्र कितपत दिसेल?

आणि पर्यटक म्हणून शिरून रोज नऊला लॉगिन करणं हे मुळातच वेगळं काम झालं. 'कुणाला कळतंय?' हा एजंटचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. वर्षभराचा घरभाडे करार करताना, मुलीला शाळेत घालताना, आजारी पडल्यावर विम्याचा दावा करताना बरोबर कळतं. पर्यटकाच्या शिक्क्यावर मुलीला शाळेत घालता येत नाही, आणि एजंट काही तिला घरी शिकवायला येणार नाही.

वेलकम स्टॅम्प नेमका या अडचणीसाठीच निघाला. जुलै २०२० मध्ये, कोविडने पर्यटन पार बसलेलं असताना, पंतप्रधान मिया मॉटली यांच्या सरकारने तो आणला. बाहेरच्या देशातल्या मालकासाठी ऑनलाइन काम करणाऱ्याला बारा महिने राहण्याची परवानगी. मधे कितीही वेळा बाहेर जाऊन परत येता येतं, मुलांना शाळेत घालता येतं आणि त्या उत्पन्नावर बार्बाडोस आयकर घेत नाही. एकट्याला शुल्क २,००० डॉलर, कुटुंबाला ३,०००. अर्ज ऑनलाइन, सरकारच्या संकेतस्थळावर, तुमचा तुम्ही करायचा. पासपोर्ट, फोटो, जन्मदाखले, लग्नाचा दाखला लागतो. आरोग्य विमाही हवाच. एजंटची गरज शून्य. पैसे अर्ज मंजूर झाल्यावर भरायचे, मात्र भरले की परत मिळत नाहीत. वर्ष संपल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. तिथे स्थानिक नोकरी किंवा धंदा करायची परवानगी त्यात नाही.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टींकडे येते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. समुद्राबद्दल त्यात दोन वाक्यं आहेत, तीही कुठल्या तरी व्लॉगमधली वाटावीत अशी. बाकी सगळं पत्र झोपेबद्दल आहे. मुलगी सकाळी सातला शाळेला निघते तेव्हा तुम्ही झोपेत. तीनला परत येते, साडेपाचपासून तुम्ही कॉलच्या तयारीत. आणि तो कागद! तिने तुमच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला: 'बाबा झोपले आहेत. बेल वाजवू नये.' खाली सूर्याला झोपेची टोपी घातलेलं चित्र. (चित्रकला आईकडून आली असणार.) हा कागद तुम्ही 'गंमत म्हणून सांगतो' असं म्हणून लिहिलाय. मला त्यात गंमत कमी दिसली.

म्हणून मी घड्याळाचा हिशेब करून पाहिला. बार्बाडोस भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. तुमचं संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच म्हणजे तिथलं बरोबर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं आणि बार्बाडोसचं घड्याळ एकच असतं, हिवाळ्यात एक तासाचा फरक पडतो. तिथे सूर्य वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे लॅपटॉप मिटून मुलीचा हात धरून बाहेर पडलात तर उजेड असेल. या बेटावर जाण्याचं हे खरंखुरं कारण आहे, आणि समुद्रापेक्षा पक्कं आहे. पण मग दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो: दिवसा काम करायला साता समुद्रापार जावंच लागतं का? कंपनीत भारतीय वेळेची, किंवा निदान युरोपच्या टीमबरोबरची भूमिका तुम्ही कधी मागून पाहिली आहे? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. पगार थोडा कमी झाला तरी बार्बाडोसच्या वर्षाच्या खर्चापुढे तो फरक किरकोळ निघेल. हे आधी मागून बघा. 'नाही' आलं तर बेट कुठे पळून जात नाही.

आता पैशांचं. परवान्याची अट वर्षाला किमान ५०,००० डॉलर उत्पन्नाची आहे. तुम्ही लिहिता, '४६ लाखांत आरामात बसतं.' बसत असेल, पण आरामात नाही. ४६ लाख हे पॅकेज आहे. त्यात पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, मिळाला तर बोनस, असं सगळं धरलेलं असतं. दाखवायचा पगार त्याहून कमी, आणि रुपया घसरला की ५० हजार डॉलरचा आकडा रुपयांत आणखी वर सरकतो. १९९७ साली बार्बाडोसच्याच राजधानीत, ब्रिजटाउनच्या मैदानावर सचिनच्या संघाला कसोटी जिंकायला १२० धावा हव्या होत्या. कागदावर तेही आरामातच होतं. ८१ वर सगळे बाद. तेव्हा पगाराचं पत्र एचआरकडून डॉलरमधल्या आकड्यासह आधी हातात घ्या आणि मग स्वप्नं बघा.

एचआरचं नाव निघालंच आहे तर, कंपनीला विचारलंय का? पत्रात 'मॅनेजर कूल आहे' एवढंच आहे. मॅनेजर असेलही, पण कंपनीचा लॅपटॉप कोणत्या देशातून उघडायचा हे तो ठरवत नाही. ते माहिती-सुरक्षा आणि कायदा विभागाकडे असतं. भारतीय पेरोलवरचा माणूस वर्षभर तिसऱ्याच देशात बसून काम करतोय, हे बऱ्याच कंपन्यांना झेपत नाही. लेखी परवानगी आली नाही तर पुढचं काहीच करू नका. कंपनीचा आरोग्य विमाही बहुतेक भारतापुरताच असतो. तो तिथे चालेल हे गृहीत धरू नका.

आणि कर. 'तिथे टॅक्स नाही' हे वाक्य तुम्ही अधोरेखित केलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगते. बार्बाडोस कर घेत नाही म्हणजे कर सुटला असं होत नाही. पगार भारतातल्या खात्यात जमा होतोय, तो इथे करपात्र राहणारच. शिवाय २०२० पासून आपल्याकडे एक तरतूद आहे: परदेशी स्रोतांतलं उत्पन्न वगळून ज्या भारतीय नागरिकाचं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो राहण्यामुळे दुसऱ्या कुठल्याच देशात करास पात्र ठरत नाही, त्याला भारताचा रहिवासी मानलं जातं, मग तो इथे एक दिवसही न राहो. तुमच्यासारख्यांसाठीच जणू लिहिलेली. म्हणजे करात वाचवायचं असं फारसं काही नाही, हे धरूनच हिशेब मांडा आणि निघण्याआधी सीएकडे तासभर बसा.

खर्चाच्या बाजूला हेही लिहा. बेट छोटं आहे, ४३० चौरस किलोमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुणे ते लोणावळ्याच्या निम्मंच अंतर. खाण्यापिण्यापासून खिळ्यांपर्यंत बहुतेक सगळं जहाजाने येतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर १७.५ टक्के व्हॅट. त्यांचा डॉलर अमेरिकी डॉलरला दोन या दराने १९७५ पासून बांधलेला आहे, त्यामुळे किमती डॉलरमध्ये वाचणं सोपं आणि रुपयांत वाचणं त्रासाचं. भाज्या महाग पडतील. नीरफणस मात्र मिळेल, तिथे तो भाजून किंवा लिंबाच्या रसात लोणच्यासारखा मुरवून खातात. कोकणातलं कुणी घरात असेल तर काप करा.

प्रवासाचा एक फास बऱ्याच वाचकांना माहीत नसतो. बेट व्हिसा मागत नाही, पण वाट मागते. मुंबईहून बार्बाडोसला थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. कॅनडातून गेलात तर तिथला. लंडनमार्गे जाताना बहुतेक भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर तुम्ही लंडन शहर ओलांडताय, मग नियम आणखी कडक. तुमच्याकडे कंपनीच्या कामाचा अमेरिकी व्हिसा असेलही. बायको-मुलीकडे आहे का? तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधी काढू नका. आधी वाट ठरवा, मग तिकीट.

तुमच्यासारखी आणखी तीन पत्रं गेल्या महिन्यात आली, म्हणून इतर बेटांबद्दल दोन ओळी. डॉमिनिकाचा असाच परवाना १८ महिन्यांचा आहे, अँटिग्वाचा दोन वर्षांचा, दोन्हीकडे उत्पन्नाची अट ५० हजार डॉलरच. केमन बेटं एकट्या माणसाकडूनच लाखभर डॉलर उत्पन्न मागतात, ते सोडून द्या. आणि 'दोन-अडीच लाख डॉलर गुंतवा, पासपोर्ट घ्या' अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवा: ती योजना डॉमिनिका, ग्रेनेडा, सेंट किट्स, सेंट लुशिया, अँटिग्वा यांची आहे, बार्बाडोसची नाही, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. वर्षभर राहून परत यायचं असलेल्या माणसाने त्या वाटेला जायचं काही कारण नाही.

हवामानाचं मी तुम्हाला वेगळं सांगायला नको, २९ जून २०२४ ची रात्र तुम्हीही जागून काढली असणार. निदान ती तरी रात्रपाळी सुखाची! विश्वचषक जिंकल्यावर आपला संघ पुढचे काही दिवस त्याच बेटावर अडकून पडला, बेरिल चक्रीवादळामुळे. मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक ४ जुलैला निघाली ती त्यामुळेच. बार्बाडोस इतर बेटांच्या रांगेपासून जरा पूर्वेला असल्याने बरीच वादळं त्याला चुकवून जातात. बेरिलही दक्षिणेकडून गेलं. तरी ब्रिजटाउनच्या कोळ्यांच्या होड्या फुटल्याच. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. घर भाड्याने घेताना पाण्याची टाकी आणि खिडक्यांना झडपा आहेत का, हे विचारायचं. आणखी एक गोष्ट व्लॉगवाले दाखवत नाहीत: तपकिरी समुद्री शेवाळ. २०११ पासून ते काही काही महिन्यांत पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर ढिगाने येऊन पडतं आणि कुजलं की नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. घर बघायचं तर पश्चिम किनारा महाग का आहे, याचं एक उत्तर त्यात आहे.

आता आई. तुमच्या दीड पानांच्या पत्रात त्या एका वाक्यात आल्या आणि त्याच वाक्यात बहिणीकडे गेल्या. बहिणीला विचारलंय? आईंना विचारलंय? एकाहत्तरीत आपलं घर, आपला डॉक्टर, खालच्या बाकावरच्या मैत्रिणी सोडून वर्षभर लेकीकडे राहणं, मग ती लेक कितीही प्रेमळ असो, सोपं नसतं. कदाचित त्यांना आपल्याच घरात राहायचं असेल, दिवसभराची एक बाई ठेवून. तुमची सकाळ सातची वेळ म्हणजे पुण्यात दुपारचे साडेचार, चहाची वेळ. रोजचा फोन त्या वेळी ठरवता येईल. त्या स्वतः महिनाभर तिकडे येऊही शकतात, त्यांना तर खरंच व्हिसाशिवाय आणि खऱ्या अर्थाने पाहुण्या म्हणून. फक्त त्या वयाचा प्रवास विमा आधी नीट वाचा, जुन्या आजारांबद्दलची बारीक अक्षरं तर दोनदा.

मुलीच्या शाळेचं एक गणित आहे. तिथलं वर्ष सप्टेंबरला सुरू होऊन जुलैच्या सुमारास संपतं, आपलं जूनला सुरू होतं. ऑगस्टअखेर जाऊन पुढच्या जुलैत आलात तर इथल्या वर्गाची सुरुवात थोडी बुडेल, तेवढंच. इथली शाळा जागा राखून ठेवते का, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा. तोंडी 'हो हो' चालत नाही, पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलतात.

माझा सल्ला विचाराल तर क्रम असा ठेवा. या महिन्यात दिवसाच्या भूमिकेसाठी कंपनीत अर्ज करा आणि त्याच वेळी बार्बाडोसहून काम करण्याची लेखी परवानगी मागा. दोन्हीतलं काय आधी येतं ते बघा. मग मे महिन्यात, तिथला कोरडा हंगाम संपत आलेला असताना, तीन आठवड्यांची रजा काढून तिघं जा, पर्यटक म्हणून, लॅपटॉप पुण्यात ठेवून. व्हिसाशिवायचे ते ९० दिवस याच्यासाठी आहेत. हॉटेलात राहू नका, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. बाजारहाट करा, तिथल्या पिवळ्या बसमधून फिरा, एखादी शाळा आतून बघा, पावसाची एक दुपार घरात काढा. तिकिटांचे पैसे ३,००० डॉलरहून जास्त होतील, आणि तरी मी हेच सांगेन, कारण वर्षभराचं भाडं भरून दुसऱ्या महिन्यात 'इथे करमत नाही' म्हणणं याहून महाग पडतं.

राहिला मिक्सर. तुमच्या पत्नीचं पत्रातलं हे एकच वाक्य, तेही तुमच्या हातून आलेलं. 'तयार होईल' असं तुम्ही लिहिलंत, पण मिक्सरची चौकशी करणारी बाई मनातल्या मनात ओटा लावायला लागलेली असते. तिला नीट विचारा: चित्रांच्या वर्गांचं काय करायचं तिच्या मनात आहे? तिथल्या मुलांना पैसे घेऊन शिकवता येणार नाही, ते स्थानिक काम झालं. पुण्यातल्या मुलांचे संध्याकाळी पाचचे वर्ग तिथून सकाळी साडेसातला ऑनलाइन घेता येतील का, हे अर्ज भरतानाच तिथल्या खात्याला लिहून विचारा. आणि तिला 'नको' म्हणायचं असेल, तर तेही आत्ताच, तिकिटांच्या आधी, ऐकून घ्या.

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज ११५ व्होल्टची आहे, आपला २३० वर चालतो. भांडं नुसतं गुरगुरेल, चटणी वाटली जाणार नाही. कुकर न्या. गॅसवर तो कुठेही चालतो, आणि तिथे शिट्टी झाली तर दारावर कागद लावायची वेळ येणार नाही.